न वाहिलेला घास

यंदा पऱ्हाटी उशिरा फुटली. लोकांची दिवाळी होऊन गेली तरी बोंडं मुठी आवळून बसली होती. मग आभाळ निवळलं, कडक ऊन पडलं, आणि बघता बघता सगळं रान पांढरं झालं. सकाळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहिलं की दवानं भिजलेल्या कापसाचा वास येतो. ह्या वासाला नाव नाही. थोडा ओल्या गोधडीचा, थोडा मातीचा, थोडा कडवट पानांचा. दव सुकल्याशिवाय वेचायचं नसतं, म्हणून बाया तोवर धुऱ्यावर बसतात, तंबाखू मळतात, एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढतात. मी जरा लांबच उभा राहतो. म्हातारा माणूस जवळ आला की बाया सासवा सोडून देवाधर्मावर बोलायला लागतात, आणि मग त्यात मजा राहत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत गेलो असतो, पण गुरुजींनी माझ्या बापाबद्दल एक शब्द काढला. मी पाटी उचलून घरी आलो ती पुन्हा नेली नाही. बापानं समजावलं, मिशनच्या बाईंनी घरी येऊन समजावलं. नाही म्हणजे नाही. आज पंच्याहत्तरीला आलो, त्या गोष्टीचा पस्तावा नाही. हे अशासाठी सांगतो, की पुढे जे लिहितो त्यात मी कुठे नमलेला दिसलो तर ते सहज झालं असं कोणी समजू नये.

वेचा सुरू झाला की मला एक जुना हंगाम आठवतो. सात-आठ वर्षं झाली असतील. तसे हंगाम पुष्कळ पाहिले. बोंडअळीनं खाल्लेले पाहिले, घर भरून गंजी लागलेल्या पाहिल्या. ते सगळे एकमेकांत मिसळून गेले. हा एक तेवढा वेगळा राहिला, आणि त्याचं कारण कापूस नाही, माझी बायको आहे.

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब एक लांबलचक शब्द वापरतात, सदसद्विवेकबुद्धी. तो मला अजून एका दमात म्हणता येत नाही. सुशीला त्याला नुसतं 'आतलं' म्हणते. माह्या आतल्यानं टोचलं, म्हणते, आणि पदर खोचून उठते. आता ही उठली म्हणजे कोणाच्या तरी दारात जाणार हे मला कळतं. एकदा शेजारच्या इंदूनं हिला विचारलं, आमच्या घरच्या लग्नाला काहून नाही आली. ही म्हणाली, अंग दुखत होतं. संध्याकाळी पुन्हा इंदूकडे गेली आणि सांगून आली, की अंग काही दुखत नव्हतं, तुझ्या नणदेचं तोंड पाहायचं नव्हतं. इंदू पोट धरून हसली. नणद अजून हिच्याशी बोलत नाही. मी म्हटलं, एवढ्याशा खोट्यानं काय बिघडलं असतं. म्हणाली, काही नाही, पुढचं खोटं सोपं झालं असतं.

नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथली केसर ही सुशीलाची मैत्रीण. मजूर आणि मालकीण म्हणावं तर तसंही आहे, पण ते कमी. ही मैत्री कशी जमली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या आजाच्या काळी गावातलं कोणी आमच्या हातचं पाणी पीत नव्हतं. आजा येशूच्या वाटेला लागला, बाप मिशनच्या शाळेत शिकला, ही जमीन आमच्या नावावर झाली, तरी पाण्याचं तेच. बाया वेचायला यायच्या, पण पाणी आपापलं घेऊन. तोंडानं कोणी काही म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. लग्न होऊन सुशीला घरात आली, त्याच्या पुढच्याच वेच्यात केसरनं सरळ आमच्या मडक्यात गडवा बुडवला. तीही तेव्हा नवीच सून. गटागटा प्याली, तोंड पुसलं, आणि बाकीच्या बायांकडे पाहून म्हणाली, पाणी थंड आहे, तुम्हाले नको असंन तर मीच संपवते. तांड्यात सासूनं तिला काय काय ऐकवलं ते तिनं पुढच्या वर्षी हसत हसत सांगितलं. त्या दिवसापासून दोघी एका ताटात जेवत आल्या.

आमच्या भागात वेच्याच्या पहिल्या दिवशी बाया सीतादही करतात. शेतात एखादं भरलेलं झाड पाहून त्याच्या बुडाशी देवी म्हणून गोटे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभात वाहायचा. मग वाहिलेला दहीभात सगळ्यांनी पळसाच्या पानावर खायचा, आणि मगच कमरेला ओट्या बांधून वेचायला लागायचं. आमच्या शेतात हे आमच्याकडून होत नाही, बाया आपलं आपण आणतात. माझा बाप म्हणायचा, घाम त्यायचा आहे, रीतही त्यायची असू द्या. त्या तिकडे त्यांचं करायच्या, आम्ही इकडे डोळे मिटून प्रार्थना करायचो, आणि मग भात सगळे मिळून खायचो. तो वाहिलेला का न वाहिलेला, हा विचार आमच्या घरात कधी कोणी केला नव्हता.

त्या वर्षी नवे पाळकसाहेब आले होते. तरुण माणूस, मोटारसायकलवर यायचे, केसांत धूळ घेऊन उपदेशाला उभे राहायचे. मला माणूस आवडला होता. एका रविवारी ते ह्याच गोष्टीवर बोलले. रागानं नाही, साधं बोलले. दुसऱ्या देवापुढे वाहिलेलं खाताना आपण कोणाच्या पंगतीला बसतो, ते ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं, एवढंच. सगळ्यांनी ऐकलं आणि घरी जाऊन जेवले. सुशीलानं मात्र ते दोन दिवस मनात घोळवलं. मग चुलीसमोर बसल्या बसल्या म्हणाली, मी यंदा तो भात खाणार नाही. मी म्हटलं, नको खाऊ. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, चला, घरात माझ्या जातीचं हट्टी आणखी एक निघालं.

पहिल्या दिवशी बाया आल्या, गोटे मांडले, सगळं रीतीप्रमाणे झालं. केसरनं पहिला घास पानावर घेतला आणि नेहमीसारखा सुशीलापुढे धरला. सुशीलाचे हात मागे गेले. नको म्हणाली. केसर हसली, काहून म्हणाली. सुशीला पुन्हा म्हणाली, नको. पोट बरं नाही का, केसरनं विचारलं. आता इथे दुसरी कोणी असती तर हो म्हणून मोकळी झाली असती. हिला खोटं बोलता येईना, आणि खरं सांगायला जीभ उचलेना. तिनं नुसती मान हलवली.

केसर तसाच हात धरून उभी होती. मागून एक बाई हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "त्यायच्या मडक्यातलं पेली तवाच तुले सांगतलं होतं न वो."

केसरचा चेहरा उतरला. ती सुशीलाला म्हणाली, "समजलं मले. जमीन झाली, पोरगा लोहाऱ्याले कारखान्यात लागला. आता आमच्या हातचं तू कायले खाशीन?"

तिनं तो घास झाडाच्या बुडाशी ठेवला, ओटीचं फडकं काखेत मारलं आणि नाल्याच्या वाटेला लागली. तिच्यामागे सगळ्या गेल्या. सुशीला पऱ्हाटीत उभी होती, तिचे हात अजून मागेच होते.

एक गोष्ट लिहून टाकतो. त्या बाया जाताना पाहून माझ्या मनातल्या एका कोपऱ्याला बरं वाटलं. तो कोपरा माझाही नव्हे, आजाच्या वेळचा असावा. म्हटलं, पाहा आता, कोणी हातचं नाही खाल्लं तर कसं लागते. मी सुशीलाला म्हणालो, तू विश्वास धरून राहिली, देवानं पाहिलं. विश्वास हा शब्द मी फार लवकर वापरतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढचे दिवस कठीण गेले. सगळ्यांच्याच शेतात वेचा चालू, दुसऱ्या बाया कुठून मिळणार. नेरला जाऊन विचारलं, तिथूनही कोणी आलं नाही. कापूस बोंडाबाहेर लोंबायला लागला. त्यात आभाळ भरून यायला लागलं. पाणी पडलं असतं तर सगळ्या कापसाची कवडी झाली असती, पिवळी, डागाळलेली, कोणी हात न लावण्याजोगी. पोरानं लोहाऱ्याहून फोन केला, बाबा, तुम्ही जाऊन दोन शब्द बोला न. मी फोन ठेवून दिला.

मग आम्ही दोघंच वेचायला लागलो. ह्या वयात. मला ते दिवस आता सुद्धा बोटांच्या टोकांना आठवतात. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. नव्या वेचणारीची बोटं आधी रक्ताळतात, मग त्यांना घट्टे पडतात, मग टोचत नाही आणि हात भरभर चालतो. पण घट्टे पडलेल्या बोटाला पत्तीही कळत नाही. वाळलेल्या पानाचा चुरा कापसाबरोबर ओटीत जातो आणि ओटी भरली म्हणून माणूस खूश होतो. सुशीलाची बोटं इतक्या वर्षांत कधी घट्ट झालीच नाहीत. सावकाश वेचते, संध्याकाळी खोबरेल लावत बसते, पण तिचा कापूस पाहावा, दुधासारखा. मी शेजारच्या तासात, म्हणजे ओळीत, वेचत होतो आणि माझ्या ओटीत निम्मा पाला. तिनं येऊन माझ्या ओटीतला पाला निवडायला घेतला आणि निवडता निवडता म्हणाली, आता मले दोन्हीकडून टोचून राह्यलं.

मी म्हटलं, तू बरोबर केलं.

"खाल्लं नाई ते बरोबर केलं," ती म्हणाली. "बोलली नाई, त्याचं काय? देवासाठी मी नको म्हटलं, आन् मार बसला केसरले."

मी आभाळाकडे पाहिलं. आभाळ काळंच होतं.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन रांगेनं आले. मी उठलो, घेतलं. सुशीला बसून राहिली. कोणाचं मन दुखवलं असेल तर ते मिटवल्याशिवाय प्रभूच्या पंगतीला बसू नये, अशी आमच्यात शिकवण आहे. साहेब तिच्यासमोर जरा थांबले, तिनं खाली पाहून मान हलवली, ते पुढे गेले. चाळीस-पन्नास माणसांची मंडळी, सगळ्यांनी पाहिलं. मला लाज वाटली. आणि लगेच दुसरंही वाटलं, की आपण कसे बिनधास्त उठलो. आपल्याला काहीच कसं अडलं नाही.

उपासना संपली आणि ही घराकडे वळायच्या ऐवजी पांढऱ्या लुगड्यात नाल्याकडे चालायला लागली. मी मागे गेलो. सोबत म्हणून नाही. मला पाहायचं होतं काय करते ते, एवढंच.

केसर अंगणातल्या चुलीवर भाकरी टाकत होती. सुशीला न बोलावता तिच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "केसर, भाकर दे. भूक लागली."

केसरनं वर पाहिलं नाही. "माह्या हातची चालते का?"

"तुह्याच हातची पाह्यजे."

केसर भाकरी थापत राहिली. तेव्हा सुशीला बोलली. मी लिंबाच्या झाडापाशी होतो, मला सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, "मी तुह्या हाताले नाई म्हटलं नाई वो. जे तुह्या देवीपुढे ठेवलं होतं त्याले नाई म्हटलं. माह्या आतल्यानं मले ते घेऊ देल्लं नाई. तुह्या हाताचं तर मी सारं आयुष्य खाल्लं."

"मंग तवा तोंड काहून नाई उघडलं? मुकी झालती का?"

"भ्याली. तुह्या देवीले नावं ठेवल्यासारखं होईन म्हून भ्याली. गप्प बसून त्याच्याहून वाईट केलं."

केसरनं भाकर उलटली. मग म्हणाली, तांड्यातल्या बाया मला काय म्हणतात माहीत आहे का, म्हणतात तुझ्या मैत्रिणीनं तुला तुझी जागा दाखवली. हे बोलताना तिचा आवाज बारीक झाला. जिनं भर रानात आमच्या मडक्याला हात घातला तिचा आवाज असा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता, आणि माझ्या त्या जुन्या कोपऱ्यालाही तो ऐकवला नाही. आजाला जे सोसावं लागलं त्याची परतफेड मी केसरकडून करून घेतली होती, जिचा त्यात काहीच दोष नव्हता.

तिनं गरम भाकरीवर ठेचा ठेवून सुशीलाच्या हातात दिली. "मिर्ची लागली तर रडजो नको. लोक म्हणतीन, केसरनं रडवलं." सुशीला खाता खाता रडलीच. मिरचीनं का कशानं ते त्या दोघींना माहीत. मग केसर माझ्या दिशेला न पाहता मोठ्यानं म्हणाली, "भाऊले सांग, झाडाच्या मांगं उभं राह्यलं तरी टोपी दिसते."

मी टोपी काढली नाही. पुढेही गेलो नाही. पण निघूनही गेलो नाही, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दव सुकायच्या आत बाया हजर. रीत अर्धीच राहिली होती, म्हणून केसरनं पुन्हा दहीभात आणला होता. गोटे मांडायच्या आधी, हळदकुंकवाची पुडी सुटायच्या आधी, तिनं एका वाटीत भात काढला आणि सुशीलाच्या हातात दिला. म्हणाली, हे अजून कोणाला दाखवलं नाही, आधी तुझं काढलं. मग त्या तिकडे गेल्या. सुशीलानं इकडे वाटी हातात धरून डोळे मिटले. दोन्हीकडचं संपल्यावर त्या एकमेकींजवळ येऊन बसल्या आणि जेवल्या. कोणी कोणाला वाकवलं नाही. मी इतकी वर्षं समजत होतो, की मन जपायचं म्हणजे ताठ उभं राहायचं, समोरचा मोडला तरी चालेल. ही तर बसून जेवत होती, आणि तिचं मन जसंच्या तसं होतं.

केसरनं मलाही विचारलं, भाऊ, तुमच्यासाठीही काढलं आहे. मी म्हटलं, मला भूक नाही. खरं तर सकाळपासून पोटात काही नव्हतं.

पाणी आलंच पुढे, पण उशिरा आलं. नाल्याकडच्या तासांची कवडी झाली, बाकीचा कापूस घरात पडला होता. त्याच आठवड्यात सुशीलानं पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. मी शेजारी बसलो होतो. मला वाटलं, ते त्या वाटीतल्या भातावरून काही तरी बोलतील, आणि माझं उत्तर तयार होतं. त्यांनी तिला एवढंच विचारलं, की तो भात खाताना मनाला काही टोचलं का.

"खाताना नाई, साहेब," सुशीला म्हणाली. "आधी नको म्हणून गप्प राह्यली, तवा टोचलं."

साहेब म्हणाले, पुढच्या प्रभुभोजनाला बसून राहू नका, उठा. आणि चहा मागितला. माझं तयार उत्तर तसंच राहिलं.

वय झालं की कातडी पातळ होते. जरा खरचटलं तरी रक्त येतं. कदाचित आतलंही तसंच होत असावं. आता मला एखाद्याला टाकून बोललं की झोपेपर्यंत ते खुपतं. तरुणपणी कधी असं झालं नव्हतं. डॉक्टरला दाखवण्यासारखी ही गोष्ट नाही. सुशीलाला सांगितलं तर ती म्हणाली, बरं आहे, अजून जिवंत आहे म्हणायचं. मला रोज वाटतं, ह्या वयात हे कशाला सुरू झालं. आणि मनातल्या मनात हेही वाटतं, की झालं ते बरं झालं, नाही तर मी तसाच टणक जाणार होतो.

यंदा केसर आली नाही. तिचे गुडघे गेले. सुशीला दर दोन दिवसांनी तांड्यात जाऊन तिच्याजवळ बसून येते. बायांबरोबर केसरची धाकटी सून आली, संगीता. दिग्रसकडची आहे, लग्न होऊन वर्ष झालं नसेल. तिला आमच्या शेतातली रीत कोणी सांगितलीच नव्हती. तिनं गोटे मांडले, सगळं वाहून झालं, आणि मग पानावर दहीभात घेऊन ती सरळ सुशीलासमोर येऊन उभी राहिली.

मी धुऱ्यावर होतो. बाकीच्या बायांनी बोलणं थांबवलं.

सुशीलानं हात मागे नेले नाहीत. एक हात तिनं संगीताच्या खांद्यावर ठेवला. "पोरी, वाहिलेलं माह्यानं खाल्लं जात नाई. मी येशूची आहे, माह्या मनाले ते चालत नाई. पण तुह्या हातचं मले खायचं आहे. तुह्या डब्यात काय आहे?"

पोरगी गोंधळली. जरा लाल झाली. मग म्हणाली, "सासूबाईनं सांगतलंच नाई मले. डब्यात भाकर आहे, आन् वांग्याची भाजी. भाजी जरा खारट झाली."

"आण," सुशीला म्हणाली. "खारट मले चालते."

संगीतानं दहीभाताचं पान बायांकडे दिलं आणि धुऱ्यावर डबा उघडला. दोघी मांडी घालून बसल्या. बायांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. ऊन वर आलं होतं, पऱ्हाटीवरचं दव सुकत होतं.

मला कोणी विचारलं नाही. संगीता नवी, तिला काय माहीत, आणि सुशीलानं मुद्दामच विचारलं नसावं. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग टोपी काढली, न बोलावता त्यांच्याजवळ जाऊन बसलो, आणि ती गुडघ्यावर ठेवली. संगीतानं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. भाजी खरंच खारट होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.